गौराक्काचा अंगठा

रंग आधी ओठांचा बदलला. गौराक्कानं पोरीला पसरलेल्या पायांवर उताणी घेतली होती, उजव्या हातात तांब्या होता, आणि मी घंगाळाशेजारी बसून पाण्याला विसण घालत होते. नवव्या दिवसाची अंघोळ. ओठ जांभळे झाले, मग नखं. रडणं नाही, पाय झाडणं नाही. ओलं फडकं टाकावं तशी माझी नात तिच्या पायांवर पडली होती.

गौराक्कानं तांब्या खाली ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला. पोरीला पालथी करून तळहातावर घेतली, पाठ चोळली, तोंडात करंगळी घालून लाळ काढली. लाळेची तार निघाली ती संपेचना. मग तळपायावर टिचकी मारली. एक, दोन, तीन. चौथ्या टिचकीला पोरीनं श्वास घेतला. घेतला आणि थांबली.

"घे की गं," गौराक्का तिला म्हणाली, नळावर भांडावं तशी. "अजून एक घे."

दुसरा आला.

"हौसे, गाडी बोलीव. कपडे घालत बसू नगं."

शेजारच्या दूधवाल्याची गाडी मिळाली. गौराक्का ओल्या लुगड्यानं तशीच पुढं बसली, पोरगी पदरात गुंडाळलेली. मागं माझी सून रूपाली आणि मी. रूपाली मोठ्यानं रडायला लागली तेव्हा गौराक्का मागं न बघता म्हणाली, "रडायचं असंल तर उतर. मला श्वास ऐकायचाय." रूपालीनं तोंडात पदर कोंबला. तालुक्याच्या दवाखान्यात नाकाला नळी लावली आणि पुढं कोल्हापूरला पाठवलं. त्या रस्त्यात पोरीचा श्वास किती वेळा थांबला ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी गौराक्कानं तो टिचकीनं सुरू केला. मधल्या वेळात तिचा अंगठा पोरीच्या तळव्यावर टेकलेला होता. पोरीनं तो धरला नव्हता.

श्वास परत येत होता. मूठ मिटत नव्हती. त्या मुठीकडे बघून मला जी भीती बसली ती अजून गेलेली नाही.

गौराक्का आमच्या गावात बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायची. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडपासून जवळ. तिचं माहेर कर्नाटकातलं, म्हणून बाळाला ती कूसू म्हणायची. मुलगा असो, मुलगी असो, सगळी कूसूच. अंगानं वाळकी होती, पण हात गड्याचे. कामाला आली की मिश्रीची डबी बाहेर दगडी गडग्यावर ठेवायची. बाळाजवळ तंबाखूचा वास नको म्हणून. मग दगडावर नखं घासायची, हात कोपरापर्यंत धुवायची आणि चुलीवर शेकून घ्यायची. एवढं झाल्याशिवाय बाळ हातात घेत नसे, मग ते कितीही रडो.

बाळाचं कौतुक तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. सरपंचाच्या नातवाला पायांवर घेऊन म्हणाली होती, "नाक आजावर गेलंय. आता काय करायचं त्याला, ऱ्हाऊ द्या." आजा तिथंच खुर्चीवर बसला होता. तरी दुसऱ्या नातवाला तिलाच बोलावलं. कारण होतं तिचा अंगठा.

पहिल्या अंघोळीला पाणी घालायच्या आधी ती उजवा अंगठा बाळाच्या तळव्यात द्यायची. बाळ मूठ आवळायचं. मग ती हात हळूच वर उचलायची आणि बाळाचे खांदे तिच्या पायांवरून सुटायचे, इतकं ते धरून असायचं. "धरलं," ती म्हणायची. मग घंगाळावर तांब्या एकदा वाजवायची. बाळ दोन्ही हात फेकून दचकायचं. "दचकलं," ती म्हणायची. हे दोन शब्द झाले की पाणी. आमच्याकडे बाळ बघायला आलेल्या बायका आधी विचारायच्या, धरलं का? वजन, रंग ते नंतर. माझ्या मुलानं, बाळूनं, तिचा अंगठा असा धरला होता की सोडवावा लागला. "ह्यो बायकूला सोडायचा न्हाय," ती म्हणाली होती. ते खरं झालं. रूपालीनं चहा ओता म्हटलं की तो अजून ओततो.

तिचा एक नेम होता. सव्वा महिना होईपर्यंत न्हाऊ घालणारीनं बाळाचं वाईट बोलायचं नाही. बोललं तर ते बाळाला चिकटतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. ती हा नेम कसा पाळत होती ते मला फार उशिरा कळलं.

आमच्या शिवारात उसाच्या मध्ये प्लास्टिकच्या पांढऱ्या कागदाची ग्रीनहाऊस उभी राहिली तेव्हा बायकांना बरं वाटलं. आत जरबेरा, गुलाब. डोक्यावर ऊन नाही, पायाखाली चिखल नाही, बारा महिने काम. रूपाली लग्न होऊन आली तशी तिथं जायला लागली. सकाळी औषध मारायचे. पिकाच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. तास-दीड तासानं बायका फुलं तोडायला आत जायच्या. सगळीकडून बंद, वारा नाही. संध्याकाळी रूपाली घरी आली की तिच्या वेणीला वास यायचा. मी म्हणायचे, डोकं धू. याच्या पलीकडे कधी काही म्हटलं नाही.

त्याच दोन-तीन वर्षांत गौराक्काचा अंगठा बिघडला. तिनंच मला नळावर सांगितलं.

"हौसे, अंगठ्यातली ताकद गेली बघ. पोरं धरंनात."

"सगळीच?"

"न्हाय. काय धरत्यात. काय धरत्यात आनि सोडत्यात. मग मी इचार केला, पोरं नवी हायत, म्हातारं कोन हाय? मीच की."

ती कुरुंदवाडला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय. ही म्हणाली, अंगठा. दुखतो का? न्हाय. वाकत नाही का? वाकतोय की. मग काय होतंय? "पोरं धरंनात ह्याला." डॉक्टर हसला, कंपाउंडर हसला, बाकावरचे पेशंट हसले. तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. थंडीभर तिनं त्या खाल्ल्या. वर रोज एरंडेल गरम करून अंगठा चोळायची. मला दाखवायची, बघ, आता दाबून बघ. मी दाबायचे. तिचा अंगठा दाराच्या अडसरासारखा होता. मी हसायचे. तीही हसायची आणि डॉक्टरला शिव्या द्यायची. आणि माझ्या नकळत, बाळंतिणीच्या घरी जाऊन, बाळानं धरलं नसलं तरी, "धरलं" म्हणायची.

आता डोहाळजेवणाचं सांगते. त्यात चूक माझी आहे.

रूपालीला सातवा लागला. डोहाळजेवणाला आमच्याकडे फुलांची वाडी भरतात. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, गळ्यात हार, सगळं फुलांचं. पूर्वी दारातली शेवंती असायची. रूपालीच्या मैत्रिणींनी काढलं की ग्रीनहाऊसमध्येच करूया, फोटो झकास येतील. मालक चांगला माणूस. म्हणाला, लागतील तेवढी फुलं घ्या, आपल्याच पोरीचं आहे. मला मोठेपणा वाटला. सकाळी औषध मारलेलं होतं, कार्यक्रम दुपारी चारला. मी स्वतः फुलं ओवली. लाल गुलाबाचा कंबरपट्टा मी केला आणि मीच पोटावर बांधला.

आत उकडत होतं. रूपाली झोपाळ्यावर बसलेली, घामानं फुलं अंगाला चिकटलेली. गौराक्काला ओटीला बोलावलं होतं. ती दारातच थांबली. सहा-सात शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"यव्वा, ह्यात मानूस कसं बसतंय?"

"सवय होतीया आक्का," एकजण म्हणाली. "या की आत, फोटोत या."

"माझं थोबाड फोटोत घालून कुणाला भ्या दाखवायचंय?" म्हणाली आणि आत आलीच नाही. बाहेर पालथ्या क्रेटवर ताट घेऊन बसली. तिथून ओरडली, "हौसे, ती फुलं काढ तिच्या अंगावरची. पोट लाल झालंय बघ."

"फोटो झालं की काढतो," मी म्हटलं.

फोटो दीड तास चालले. ते अजून रूपालीच्या मोबाईलमध्ये आहेत. मी बघत नाही. त्या संध्याकाळी तिला दोनदा उलटी झाली. आम्ही म्हटलं, उकाड्यानं. दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली आणि नववा लागेपर्यंत जात राहिली. पोरगी दिवसांआधी आली, लहान आली. पहिल्या अंघोळीला गौराक्का "धरलं" म्हणाली. मी पाठमोरी होते. मी ते खरं मानलं.

कोल्हापूरच्या दवाखान्यात पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीण तरुण होती, आमच्या रूपालीएवढी. तिनं बाकी सगळं विचारायच्या आधी एक विचारलं, "आई कुठं कामाला जाते?" मी सांगितलं. मग तिनं प्रश्नावर प्रश्न विचारले. फवारणी कधी, आत कधी जायचं, हातमोजे होते का, शेवटपर्यंत जात होती का. बाळाला गुंडाळलेलं दुपटं तिनं नाकाजवळ नेलं.

"हे कशाचं केलंय?"

नव्या बाळाला आमच्यात नवं कापड घालत नाहीत. जुन्या मऊ लुगड्याची दुपटी करतात. रूपालीच्या रोज धुवून मऊ झालेल्या चार साड्या होत्या, त्या मी फाडल्या. त्या रोज का धुतल्या जात होत्या, तर त्या कामावर नेसायच्या साड्या होत्या. हे मी डॉक्टरणीला सांगितलं तेव्हा तिनं वर बघितलं नाही. दुपटं पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं.

"नक्की यानंच झालं असं मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "बाळ कमी दिवसांचं आहे, बाकी कारणंही असतात. पण पोटुशी असताना आईच्या अंगात गेलेलं बाळापर्यंत जातं. मेंदू तेव्हाच तयार होत असतो. आता श्वास सुधारेल बहुतेक. पुढं मान कधी धरते, आवाजाकडे कधी बघते, बोलते कधी, हे बघत राहावं लागेल."

गौराक्का खाली फरशीवर बसली होती. "अंगठा धरंना ती," ती म्हणाली.

मला वाटलं ही पण हसणार. डॉक्टरीण हसली नाही. "मी पण तेच बघते आजी," म्हणाली, आणि पेटीच्या भोकातून हात घालून तिनं स्वतःचं बोट पोरीच्या तळव्यात ठेवलं. मूठ उघडीच राहिली.

गौराक्का उठून जवळ गेली. त्या बोटाकडे बघत राहिली. गोरं, सरळ, तरुण बोट. मग स्वतःचा अंगठा वर करून बघितला.

"तुझं पन न्हाय धरलं," ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात येऊन ती भिंतीला टेकून बसली.

"हौसे, चार-पाच पोरं झाली गं अशी. मला वाटलं माझा अंगठा म्हातारा झाला."

"आनि आमची? पहिल्या दिवशी तू धरलं म्हनालीस."

"म्हनालो."

"का म्हनालीस? तवाच आनली असती हितं."

"काय बोलू? नेम हाय म्हनून न्हाय बोललो. आनि चूक माझीच हाय म्हनून कॅल्शियम खाल्लो की."

मग तिनं ती घरं सांगितली. तिघी आया ग्रीनहाऊसला जाणाऱ्या. एक भाजीच्या मळ्यात. पाचवीचं तिला ठाऊक नव्हतं, तिनं विचारलंच नव्हतं. मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली. मी मारली नाही, कारण कंबरपट्टा मी बांधला होता.

पोरगी तीन आठवड्यांनी घरी आली. ती दुपटी मी शेताच्या कडेला खड्डा काढून पुरली. सव्वा महिना झाला, तरी गौराक्का रोज सकाळी येत राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. मिश्रीची डबी गडग्यावर, नखं, हात, चूल, मग अंगठा. मी भाकरी थापत असायचे, तिच्याकडे पाठ करून. कान तिकडे.

"न्हाय," ती म्हणायची.

आता ती खरं बोलायला लागली होती आणि मला वाटायचं, हिनं खोटं बोलावं. रोज न्हाय. मी भाकरी उलटायचे. रूपाली पोरीला घेऊन बसायची आणि दाराकडे बघायची. बाळू त्या वेळेला घरात थांबतच नसे. दोन महिने होत आले तेव्हा एका सकाळी ती काहीच बोलली नाही. मी वळून बघितलं. पोरीची बोटं अंगठ्यावर मिटली होती, सैल, कुणी नको म्हणत धरावं तशी.

"धरलं?" मी विचारलं.

"थांब, बोलू नगं," गौराक्का म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. एवढ्यात बोटं सुटली. "धरून सोडलं," ती म्हणाली. "उद्या बगू."

मान तिनं सातव्या महिन्यात धरली. तांब्या वाजवला तर कधी बघायची, कधी नाही. एक झालं की पुढच्याची भीती सुरू व्हायची. बसेल का, रांगेल का. दुसऱ्यांची पोरं दारात येऊन टाळ्या पिटायची आणि मला ती पोरं डोळ्यांसमोर नको व्हायची.

या काळात गौराक्का ग्रीनहाऊसच्या मालकाकडे गेली. मला न सांगता, एकटी. ऑफिसात सुपरवायझर बसला होता, त्याच्यापुढं अंगठा धरून म्हणाली, "धर." त्याला वाटलं म्हातारी अंगठा उठवायला आलीय, त्यानं शाईचं पॅड पुढं केलं. "शाई नगं, नुसता धर," ती म्हणाली. त्यानं धरला. "बघ, तू गाढव असून धरलास. तुझ्या हितल्या बायकांची पोरं धरंनात." मालक आला. ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाला, "आक्का, आम्ही कुणाला बळंच आणत न्हाय. पण तुमचं खरं हाय. आजपासनं पोटुशी बाई आत न्हाय." त्यानं तसा बोर्डसुद्धा लावला.

बोर्ड लागला आणि बायका लपवायला लागल्या. पूर्वी तिसऱ्या महिन्यात सांगायच्या, थोडं हलकं काम मिळायचं. आता साडीवरून नवऱ्याचा ढगळ शर्ट घालून पाचव्या-सहाव्यापर्यंत आत. गौराक्काला हे कळलं तशी ती सकाळी बायकांना ग्रीनहाऊसला नेणारा टेम्पो थांबतो तिथं जाऊन बसायला लागली. बायकांची चाल बघायची. आणि चारचौघात मोठ्यानं विचारायची, "कितवा गं?" लग्न न झालेल्या एका पोरीलाही तिनं विचारलं. नुसता दंगा झाला. म्हातारीला वेड लागलं म्हणाले, घरंदाज बायकांची अब्रू काढते म्हणाले. मीही तिला म्हटलं, "अगं, जरा हळू तरी इचार."

"हळू इचारून बघितलं की," ती म्हणाली. "हळू लई वर्सं राहिलो."

कुणाच्या घरी बाळ झालं की ती आधी विचारायची, "आई कुठं कामाला?" पूर्वी विचारायची, पाणी तापलंय का. लोक तिला बोलवेनासे झाले. अंगठा आता खरं सांगतो हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं आणि खरं कुणाला नको होतं. दुकानातून प्लास्टिकचे टब आले. बहिणी, आया, नणंदा घरच्या घरी न्हाऊ घालायला लागल्या. तिच्याकडे काम म्हणून उरलं ते आमचंच, आणि आमची पोरगी तर तिच्या पायांवर मावेनाशी झाली होती.

मी तिला शेवटची नीट पाहिली ती आमच्या गल्लीतच. टोकाच्या घरातली पोरगी, पहिलटकरीण, सातव्यापर्यंत शर्ट घालून कामाला गेली होती. तिला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार झाडत होते. गौराक्का त्या घरासमोर येऊन उभी राहिली. बोलावणं नव्हतं. आत टबात पाणी ओतल्याचा आवाज आला. तिनं कमरेची मिश्रीची डबी काढली आणि त्यांच्या गडग्यावर ठेवली. पायरीच्या दगडावर नखं घासली, दोन्ही हातांची, सावकाश.

"धरतंय का गं?" तिनं दारातून विचारलं.

आतलं बोलणं थांबलं. पाणी ओतायचंही थांबलं. मी झाडू धरून उभी होते. बाळाचं रडणं ऐकू येतंय का म्हणून मी कान दिला. मला आलं नाही. तिलाही आलं नसावं, कारण ती मान वाकडी करून दाराजवळ सरकली.

"मी बोलनार न्हाय काय. नुसतं बगतो. दार उघडा."

दार आतून ओढून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, उजवा हात पुढं, अंगठा वर. मग डबी उचलली, कमरेला खोचली आणि माझ्याकडे न बघता गेली.

त्या घरातलं बाळ महिन्याच्या आत गेलं. गौराक्का पुढच्या उन्हाळ्यात गेली. माझी नात जगली. चार वर्षांची आहे, चालते, अजून बोलत नाही.